नाणे हातावर ठेवताना
प्रस्तावना

महिन्यातून एकदा आम्ही दहा-पंधरा जण एका टेबलाभोवती जमतो. चहा दुसऱ्या टेबलावर असतो, कारण नाण्यांच्या टेबलावर पाण्याचा थेंबही चालत नाही. ख्यालीखुशाली पाच मिनिटांत उरकते आणि कोणीतरी विचारतो, "या वेळी काय नवीन?" मग खिशांतून, डब्यांतून, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांतून कागदाच्या पुड्या निघतात. आणणाऱ्याने मऊ कापड अंथरायचे. पाहणाऱ्याने नाणे कडेला धरायचे, दोन्ही अंगांना बोट लावायचे नाही आणि हात कापडाच्या वरच ठेवायचा, म्हणजे निसटले तरी ते कापडावर पडेल. हे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत. नवा माणूस पहिल्याच संध्याकाळी ते पाहून शिकतो.

या पुस्तकातल्या नोंदी अशाच संध्याकाळींतून जमा झाल्या आहेत. कोणी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी फिरून मिळवलेले नाणे दाखवले, कोणी लिलावात घेतलेले, कोणी आजीच्या पेटीतले. दाखवणाऱ्याचा आनंद मला फार मोलाचा वाटतो. पण आनंद ओसरल्यावर टेबलावर जे प्रश्न विचारले जातात, त्यांतून नाणकशास्त्र सुरू होते. बाहेरच्या जगात पहिला प्रश्न किमतीचा असतो. इथे पहिला प्रश्न "कुठे मिळाले?" हा असतो, दुसरा "सोबत काय होते?" हा, आणि मग वजन. किंमत सगळ्यात शेवटी येते, कधी येतही नाही.

"सोबत काय होते?" या प्रश्नावर मला थोडे थांबायचे आहे, कारण सगळे शास्त्र त्यावर तोलून उभे आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि ती सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरांतला लेख, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख. एवढे लहान नाणे, अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे, आणि त्यावर तीन लिप्या! समुद्रावरून भडोचला येणारा व्यापारी, वायव्येकडून आलेली राजसत्ता आणि नाशिक-जुन्नरचा स्थानिक माणूस, तिघांचीही ओळख त्या चकतीत मावली आहे.

मात्र या साठ्याचे खरे महत्त्व त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांत आहे. त्यांच्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा चैत्य आणि सातवाहन राजाचे नाव उठवले, मागच्या बाणावर उज्जयिनी चिन्ह. नाणी वितळवली नाहीत, नवी पाडली नाहीत. चांदी तीच ठेवली आणि धनी बदलला, एवढे सांगणारा शिक्का मारला. कित्येक नाण्यांवर खालचे नाक किंवा मुकुटाची कड अजून दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवल्याचे सांगितले आहे. लेख राजाची स्तुती करतो, त्यामुळे त्यावर शंका घेता येते. पण हजारो नाण्यांवर एकाच राजाने दुसऱ्याच्या चेहऱ्यावर मारलेला ठसा हा स्तुतिपाठ नव्हे. नहपान आणि गौतमीपुत्र हे एकमेकांच्या अगदी लगतचे, हे त्या साठ्याने ठामपणे सांगितले. दख्खनच्या कालगणनेची चर्चा त्या दिवसापासून बदलली.

आता कल्पना करा, की तो साठा सापडताच दहा-दहाच्या पुड्यांत वाटला गेला असता. स्वच्छ चेहऱ्याची नाणी शौकिनांनी उचलली असती. पुन्हा ठसा मारलेली, दोन चेहरे एकमेकांत घुसलेली, गोंधळलेली नाणी सोनाराकडे मोडीत गेली असती. दिसायला ती खराबच होती. इतिहास मात्र त्या खराब नाण्यांत होता. साठा बऱ्याच अंशी एकत्र राहिला, मोजला गेला, रेव्हरंड स्कॉट यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून आज आपण "नऊ हजारांहून अधिक" असे म्हणू शकतो. हा आकडाच पुरावा आहे.

त्याच नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. संग्राहकाने तो एकदा तरी जाऊन पाहावा आणि खिशात नहपानाच्या नाण्याचा फोटो ठेवावा. भिक्षुसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजातून खर्च चालावा अशी ठेव. दोन हजार नाशिकजवळच्या गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब करून पाहा: दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका कवडीचाही फरक नाही. दगडावर कोरलेला हा हिशेब वाचल्यावर हातातल्या त्या लहानशा चांदीच्या नाण्याकडे माणूस निराळ्या नजरेने पाहतो. कोणत्या तरी भिक्षूच्या वर्षाच्या वस्त्राचा बारावा हिस्सा आपल्या तळहातावर आहे, असे वाटू लागते.

नव्या मित्रांना मी बहुधा पश्चिम क्षत्रपांच्या पुढच्या काळातल्या नाण्यांपासून सुरुवात करायला सांगतो. ही नाणी आजही तुलनेने परवडणारी आहेत आणि शिकवतात फार. लेखात राजा स्वतःचेच नव्हे, तर बापाचेही नाव सांगतो. दामसेनाचा मुलगा विजयसेन, अशी ती ओळख असते. शिवाय राजाच्या डोक्यामागे शक वर्ष कोरलेले असते. त्यात १०० चे चिन्ह वेगळे, ६० चे वेगळे, ७ चे वेगळे. आपल्या आजच्या अंकांसारखी स्थानाची किंमत नाही. ती चिन्हे ओळखायला आठवडा लागतो. एकदा हात बसला, की भिंगाखाली शक १६७, म्हणजे इ.स. २४५, असे वाचता येते, आणि अठराशे वर्षांपूर्वीचे एक विशिष्ट वर्ष समोर येते. वाकाटक, सातवाहन, यादव यांपैकी कोणीही आपल्या नाण्यांवर अशी सलग वर्षे दिली नाहीत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी आयुष्यभर ही नाणी जमवली आणि वाचली. त्यांचा क्षत्रपांवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १८९० मध्ये, रॅप्सन यांनी संपादून प्रसिद्ध केला. एका संग्राहकाच्या पुड्यांमधून एका राजघराण्याची वंशावळ उभी राहिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याच घराण्याच्या कथेत ईश्वरदत्त नावाचा एक महाक्षत्रप मधेच येतो. त्याची माहिती केवळ नाण्यांवरून. तो शक वर्ष देत नाही. आपल्या राज्याचे पहिले वर्ष, दुसरे वर्ष, असे देतो. हा नेमका कधीचा? रॅप्सन यांनी त्याला इ.स. २३७च्या आसपास ठेवले, देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी जवळजवळ अर्धशतक मागे. वाद कशावर चालला? इतर क्षत्रपांच्या नाण्यांवर कोणती वर्षे मिळतात आणि कोणती मिळत नाहीत, यावर. आणि मुखवट्याच्या घडणीवर. म्हणजे एखाद्या बैठकीत कोणी सहज ठेवलेले, कडेला झिजलेले, पण वर्ष शाबूत असलेले नाणे या वादातले एक माप एकीकडून दुसरीकडे सरकवू शकते. वर्ष वाचल्याशिवाय क्षत्रपाचे नाणे परत पुडीत घालू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो ते म्हणूनच.

हे मी शिकलो ते एका चुकीतून, आणि ती इथे सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका सोनाराने मला चाळीसेक क्षत्रप नाणी दाखवली. सगळी एकाच शेतातून, एकाच मडक्यातून आली, असे त्याने सांगितले. पैसे बेताचे होते. चेहरा छान उमटलेली अकरा मी निवडली. राहिलेली त्याने पुढच्या आठवड्यात वितळवली. डोक्यामागचे वर्ष वाचायला शिकलो, तेव्हा कळले की चेहऱ्याच्या सुबकतेचा आणि वर्षाच्या स्पष्टतेचा काही संबंध नाही. त्या मडक्यातले सर्वांत अलीकडचे वर्ष कोणते होते, म्हणजे मडके कधी पुरले गेले, हे सांगणारे नाणे मी टाकून आलो असण्याची शक्यता मोठी आहे. तो साठा मुळात कलेक्टरांपुढे जायला हवा होता, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हते. ती अकरा नाणी आजही माझ्याकडे आहेत. त्यांच्या पुडीवर मी "चाळीसपैकी अकरा" असे लिहून ठेवले आहे.

कायद्याचे बोलणे आलेच आहे, तर ते इथेच. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८चा निखात निधी कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या पुराणवस्तू कायद्याचा निर्बंध आहे. आपल्यापैकी परदेशी स्थायिक झालेल्या अनेकांना घरातली शिवराई आठवण म्हणून सोबत न्यावीशी वाटते. त्यांनी हे आधी समजून घ्यावे.

साठा सरकारपर्यंत पोचला की काय होते, याचे उदाहरण विदर्भात आहे. १९३९ मध्ये त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा येथे सुमारे सोळाशे सातवाहन नाणी मिळाली. धातू तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचा, रंग काळपट, दिसायला अगदी सामान्य. बाजारात त्यांना फारसे कोणी विचारले नसते. वा. वि. मिराशींनी ती एकेक करून वाचली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही पुराणांच्या याद्यांत न आढळणारी नावे प्रकाशात आली. राजे विसरले गेले होते, त्यांचे चिल्लर राहिले होते.

नाशिकच्याच परिसरातले आणखी एक नाणे मला प्रिय आहे. सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाचे हे चांदीचे नाणे. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती तो स्वतःला परममाहेश्वर म्हणवतो तो लेख. राजा गेला, घराणे गेले, चालुक्य आले. तरीही अंजनेरी येथे मिळालेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटात, म्हणजे इ.स. ७१०च्या सुमारास, कृष्णराज रूपकांचा उल्लेख येतो. सव्वाशेहून अधिक वर्षे लोक त्या राजाच्या नावाने पैसे मोजत होते. झिजलेल्या कृष्णराज रूपकाची किंमत बाजारात कमी लागते. पण ती झीज म्हणजेच त्या सव्वाशे वर्षांची चाल आहे, आणि किती झिजले हे वजनात मोजता येते. आज त्याच अंजनेरीच्या पायथ्याशी नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी आहे, जिच्या उभारणीत परमेश्वरीलाल गुप्त यांचा मोठा वाटा होता. तिथला नाणी आणि ग्रंथांचा संग्रह अवश्य पाहून या.

आता शिवराई. आमच्या टेबलावर सर्वांत जास्त पुड्या तिच्याच असतात आणि सर्वांत जास्त वादही तिच्यावरच होतात. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". एवढा साधा मजकूर, पण तो कसा कोरला आहे ते पाहा. कुठे "शिव", कुठे "सिव". कुठे ओळी मोडण्याची जागा वेगळी, कुठे अक्षराची दांडी उलट, कुठे ठशापेक्षा तांब्याची चकती लहान म्हणून "छ" बाहेरच राहिलेला. एकट्याच्या संग्रहात वीस शिवराया असतील, तर त्या वीस निरनिराळ्या वाटतात. दहा जणांच्या शिवराया एका कापडावर मांडल्या, की दोन नाणी एकाच ठशातून निघाल्याचे दिसते आणि अंगावर काटा येतो. मग एका ठशाची नाणी कुठे कुठे मिळाली, ठसा किती झिजेपर्यंत वापरला, हे विचारता येते. शिवराईच्या प्रकारांची जी वर्गवारी आज वापरात आहे, तिच्यामागे अशा पुष्कळ संग्राहकांनी एकमेकांना दाखवलेली नाणी आहेत. शिवरायांच्या नंतरही ही नाणी दीर्घकाळ पडत आणि चालत राहिली. नाव तेच राहिले, वजन घटत गेले, दोन आडव्या रेघांची दुदांडी आली. म्हणून प्रत्येक शिवराई रायगडची, असे समजणे चूक आहे, आणि ती रायगडची नाही म्हणून कमी मोलाची, असे समजणे त्याहून मोठी चूक.

१६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनने कंपनीच्या वतीने एक मागणी केली होती: इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलुखात चालावे. महाराजांनी दिलेले उत्तर नाणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. कस आणि वजन इतरांच्या नाण्यांइतके असेल तर ते चालण्यास मनाई नाही. पण तोटा सोसून ते घ्यावे अशी बळजबरी रयतेवर होणार नाही. शिक्का कोणाचाही असो, रयतेने तराजूवर विश्वास ठेवावा, हा राज्यकर्त्याचा विचार त्यात आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत आणि सराफ प्रत्येकाचा बट्टा निराळा लावत. कस, घट, बट्टा हे शब्द त्या बाजाराने आपल्या भाषेत ठेवले आहेत.

ब्रिटिश काळातल्या नाण्यांवर मी थोडक्यात बोलतो, कारण त्यांवर पुस्तके भरपूर आहेत. १८३५पासून एकसारखा रुपया आला, १८० ग्रेन वजनाचा. नव्या संग्राहकाने १८६२चा राणीछाप रुपया जरूर हाताळावा. वर्ष १८६२च ठेवून तो १८७४पर्यंत पाडला गेला आणि मुंबई टांकसाळीत खरे वर्ष बारीक टिंबांच्या खुणांनी दर्शवले जाई. टिंबे मोजण्याची ती सवय लागली, की पुढे कोणत्याही नाण्याकडे वरवर पाहणे होत नाही. १९११च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला; ओरड झाली, आणि पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी वाटले गेले ते सुमारे सात लाखच, बाकीचे वितळले. तो हातात आला तर आनंद साजरा करावाच.

काही नाणी टेबलावर येतात तेव्हा त्यांना कडी झाळलेली असते. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला दोजे आहे, मागे ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त. आपल्याकडच्या बायकांनी त्या आकृत्यांना पुतळी म्हटले आणि माळेत ओवले. लिलावाच्या यादीत "कडी काढल्याची खूण" हा दोष म्हणून लिहितात. मला तो दोष वाटत नाही. ते नाणे आड्रियाटिक समुद्रावरून कोकणच्या बंदरात आले आणि कोणाच्या तरी गळ्यात पोचले, याची ती सही आहे. कडी कृपा करून घासून काढू नका.

आणि काहीच घासू नका. चिंच, लिंबू, राख, दात घासायची पेस्ट, यांनी तांब्याचे नाणे चकचकीत होते आणि त्याचा वरचा थर कायमचा जातो. शेकडो वर्षांत बसलेला तो थर खरेपणाची मोठी साक्ष असतो. बनावट नाणी बहुतेक ओतीव असतात. त्यांच्या कडेला जोडाची रेघ, पृष्ठावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा बोथट, आणि वजन थोडे चुकलेले. दोन "शिवराया" अगदी एकसारख्या दिसल्या, खरचटाही त्याच जागी, तर त्या एकाच ठशाच्या नव्हेत, एकाच साच्यातून ओतलेल्या आहेत. हे एकट्याला कळणे अवघड. दोन पुड्या शेजारी उघडल्या, की लगेच कळते. सोन्याच्या होनाच्या बाबतीत तर दहा जणांना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे मी सांगेन. जे इतरांना दाखवायला विक्रेता नाही म्हणतो, ते नाणे घेऊ नका.

नोंदींच्या मांडणीविषयी दोन शब्द. प्रत्येक नोंद आणणाऱ्याच्या पुडीवरच्या मजकुराने सुरू होते, त्याच्या शब्दांत: वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांशी किती अंशांत फिरलेले, कुठून मिळाले, कोणत्या दिवशी आणि सोबत काय होते. "सोबत"पुढे काही ठिकाणी रेघ कोरी आहे. ती आम्ही भरली नाही, अंदाजही घातला नाही. नाणी आम्ही सुंदरतेने लावली नाहीत, किमतीनेही नाही. ज्या क्रमाने टेबलावर आली त्याच क्रमाने ठेवली आहेत, म्हणजे एका नाण्याने पुढचे कसे ओळखीचे केले ते वाचकाला दिसेल. पहिली नोंद एका तुटक्या शिवराईची आहे. "छत्र" गेले आहे, "पति" राहिले आहे. ती आणणारे गृहस्थ ती दाखवायला संकोचत होते आणि बैठक संपेपर्यंत पुडी मुठीतच धरून बसले होते.